परदेशात माल अडला तर: व्यापार-वाद वाटाघाटीतून सोडवण्याची पद्धत

२०१४ च्या मार्चअखेरीस, कोकणात हापूसची तोडणी जोर धरत असतानाच, युरोपीय संघाने भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घालण्याचे ठरवले. बंदी १ मेपासून लागू झाली आणि तिची मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत, म्हणजे दोन हंगाम गिळून टाकणारी होती. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानेही अडली. युरोपचे म्हणणे असे होते की, २०१३ या एका वर्षात भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर घातक किडी सापडल्या होत्या. त्या वेळी दिल्लीत जागतिक व्यापार संघटनेत दाद मागण्याची भाषाही झाली, पण खटला दाखल झाला नाही. निर्यातीआधीच्या तपासणीची पद्धत बदलली गेली, सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपचे तपासणी पथक इथे येऊन ती पाहून गेले, २० जानेवारी २०१५ रोजी युरोपच्या संबंधित समितीने आंब्यावरील बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले आणि त्याच वर्षीचा हापूस पुन्हा लंडनला पोचला.

याच्या शेजारी दुसरा वाद ठेवून पाहावा. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने अमेरिकी कोंबडीच्या आयातीवर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध अमेरिकेने मार्च २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २०१४ मध्ये पॅनलचा, म्हणजे वाद ऐकण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचा, निकाल भारताविरुद्ध गेला, २०१५ मध्ये अपील मंडळानेही तो कायम ठेवला, त्यानंतर निकालाच्या अंमलबजावणीवरून आणि अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिकारात्मक कारवाईची, म्हणजे भरपाईदाखल भारताच्या सवलती रोखण्याची, परवानगी मागितल्यावरून नवी भांडणे सुरू झाली आणि अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये हा वाद आपसांत बोलूनच मिटला. साडेअकरा वर्षांनी दोन्ही पक्ष त्याच टेबलावर येऊन बसले, जिथे ते पहिल्या वर्षीही बसू शकले असते.

आंब्याचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो, द्राक्षाचाही त्याहून फार मोठा नसतो, आणि बागायतदाराचे कर्ज दर वर्षी फिरते. म्हणून निर्यातदार संघटना, शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि त्यांचे कामकाज सांभाळणारे सचिव यांनी वाटाघाटीची वाट नीट शिकून घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. जागतिक व्यापार संघटनेत खटला फक्त सरकारच दाखल करू शकते. संघटना कितीही मोठी असली तरी तिला ते दार नाही. वाटाघाटही सरकारच करते, मात्र तिच्यासाठी लागणारा जवळजवळ सगळा कच्चा माल, म्हणजे नोंदी, आकडे, तांत्रिक उपाय आणि काय सोडता येईल याचा अंदाज, उत्पादकाच्याच हातात असतो. तो कसा तयार करायचा आणि कुठे पोचवायचा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: वाद नेमका कोणता, हे ठरवा

परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले, मालाचा दर्जा कमी असल्याचे सांगून भाव पाडला किंवा करारातली तारीख पाळली नाही, तर तो दोन व्यापाऱ्यांमधला वाद असतो. त्यासाठी करारातील लवादाचे कलम आणि विदेश व्यापार महासंचालनालयाकडे दर्जाविषयक तक्रारींसाठी असलेली व्यवस्था हे मार्ग आहेत. राजनैतिक प्रयत्नांचा तिथे फारसा उपयोग होत नाही. समोरच्या देशाच्या सरकारने केलेल्या नियमामुळे, लावलेल्या शुल्कामुळे किंवा त्याच्या अधिकाऱ्यांच्या निर्णयामुळे माल अडला असेल, तरच तो या लेखाचा विषय ठरतो.

त्यातही आणखी एक भेद करावा लागतो. कीड, रोग किंवा रसायनांचे अवशेष या कारणाने माल अडला असेल तर वाद शास्त्रीय स्वरूपाचा असतो आणि तो प्रयोगशाळेच्या भाषेत बोलल्याशिवाय सुटत नाही. वाढीव आयातशुल्क किंवा कोटा हे कारण असेल तर वाद राजकीय असतो आणि तिथे देवाणघेवाणीची तयारी लागते. या दोहोंची गल्लत झाली की पहिले काही महिने वाया जातात. फळात जिवंत अळी सापडलेली असताना ‘हा आमच्या शेतकऱ्यांवर अन्याय आहे’ असे निवेदन पाठवल्याने समोरचा कीटकशास्त्रज्ञ तसूभरही हलत नाही.

दुसरी पायरी: लेखी कारण हातात घ्या

बंदरावरच्या क्लिअरिंग एजंटने फोनवर सांगितलेले कारण हा पुरावा नव्हे. माल नाकारणारा देश निर्यातदार देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेला त्याची लेखी सूचना देत असतो आणि त्या सूचनेत खेपेचा क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, सापडलेल्या किडीचे शास्त्रीय नाव किंवा अवशेषाचे प्रमाण आणि मालाचे पुढे काय केले, म्हणजे तो नष्ट केला की परत पाठवला, हे लिहिलेले असते. ही सूचना मिळवावी आणि तिची प्रत, भाषांतरासह, संस्थेच्या दप्तरात ठेवावी.

त्यानंतर माल ज्या नियमाच्या आधारे अडवला तो मूळ नियम वाचावा. जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद देशांना असे नवे नियम लागू करण्याआधी इतरांना कळवावे लागतात आणि अन्नसुरक्षा, प्राणी व वनस्पती आरोग्याच्या नियमांवर मत मांडण्यासाठी साधारणपणे ६० दिवसांची मुदत दिली जाते. ही मुदत म्हणजे वाद टाळण्याची सगळ्यात स्वस्त संधी असते आणि दुर्दैवाने आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त वाया जाते, कारण नियमाचा मसुदा निघतो तेव्हा बागेत छाटणी चालू असते आणि जिनिव्हातल्या, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयातल्या, सूचनापत्रांकडे कोणाचे लक्ष नसते. प्रत्येक निर्यातदार संघटनेने एका माणसाकडे, भले तो अर्धवेळ असो, या सूचना वाचण्याचे काम सोपवावे.

तिसरी पायरी: फाईल बांधा

इथे थोडे थांबून लिहितो, कारण माझ्या मते वाटाघाटीचे निम्म्याहून जास्त यश याच पायरीवर ठरते.

गरम पाण्याच्या प्रक्रियेचे उदाहरण घेऊ. युरोपला जाणाऱ्या आंब्याचे क्रेट ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवून ठेवतात, म्हणजे सालीखाली फळमाशीची अंडी किंवा अळ्या असल्याच तर त्या मरतात. ही प्रक्रिया पाहायला गेले तर टाकीतून वाफ येत असते, क्रेट आत गेलेले असतात आणि भिंतीवरच्या पडद्यावर तापमानाची रेघ सरकत असते. परदेशी तपासनीस त्या आंब्याकडे क्षणभर पाहतो आणि त्या रेघेकडे बराच वेळ पाहतो. क्रेट पाण्यात गेल्यावर तापमान किती खाली आले, ते पुन्हा ४८ वर केव्हा पोचले आणि साठ मिनिटे तिथूनच मोजली का, हे तो विचारतो. मग त्या लॉटचा क्रमांक घेऊन वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशी, ज्याला बाजारात सगळे ‘फायटो’ म्हणतात, जुळवतो. एका पॅकहाऊसच्या, म्हणजे फळे निवडून पेटीबंद करणाऱ्या केंद्राच्या, दप्तरात मी स्वतः पाहिले आहे की प्रक्रिया अगदी चोख झाली होती, पण तापमानाच्या नोंदीवरची तारीख आणि प्रमाणपत्रावरची तारीख यांत एक दिवसाचा फरक होता. आंबा निर्दोष होता आणि कागद सदोष, आणि वाटाघाटीच्या टेबलावर कागदच बोलतो.

फाईलमध्ये निदान पुढील गोष्टी असाव्यात. गेल्या तीन ते पाच वर्षांत त्या देशाला किती माल गेला आणि किती नाकारला गेला, याचा महिनावार तक्ता असावा. नाकारलेला प्रत्येक लॉट कोणत्या बागेतून, कोणत्या पॅकहाऊसमधून आणि कोणत्या तपासनिसाच्या सहीने गेला, याचा माग लावलेला असावा. अपेडाच्या, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, ग्रेपनेट, मँगोनेट यांसारख्या नोंदणी व्यवस्थांमुळे हा माग आता लागतो. नुकसानीचा हिशेब वाहतूक, विमा, नष्ट करण्याचा खर्च आणि स्थानिक बाजारात पडलेला भाव असा वेगवेगळा मांडलेला असावा, एकच मोठा आकडा फेकू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, चूक आपली असेल तर ती त्या फाईलमध्ये आपणच लिहिलेली असावी.

या शेवटच्या वाक्यावर संघटनांच्या बैठकीत नेहमी वाद होतो. तरीही द्राक्षाचा अनुभव आठवावा. २०१० मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याने युरोपात कंटेनर अडकले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक बागायतदारांचे वर्ष वाया गेले. निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होत असे त्यांच्या यादीत हे रसायनच नव्हते, ही त्रुटी उघड होती. ती लपवण्याने काही साधले नसते. ते रसायन तपासणीच्या यादीत आले, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालची अवशेष तपासणी अधिक कडक झाली, आणि युरोपशी बोलताना भारताकडे सांगण्यासारखे काहीतरी ठोस होते. समोरच्या देशाच्या अधिकाऱ्यालाही आपल्या वरिष्ठांना काहीतरी दाखवावे लागते. त्याला दाखवण्यासाठी आपण केलेली दुरुस्ती द्यावी.

चौथी पायरी: आधी घरात एकमत करा

परदेशी वाटाघाटीत भारताची बाजू कमकुवत होते ती बहुतेक वेळा आपापसांतल्या विसंगतीमुळे. निर्यातदार म्हणतात तपासणी अती कडक आहे, शेतकरी म्हणतात ती कडक हवी पण खर्च निर्यातदाराने सोसावा, वाणिज्य मंत्रालय निर्यात वाढवू पाहते आणि कृषी मंत्रालयाची वनस्पती संरक्षण यंत्रणा प्रमाणपत्राची जबाबदारी आपल्या डोक्यावर असल्याने सावध असते. हे चारही आवाज वेगवेगळे बाहेर पडले की समोरचा देश फक्त वाट पाहतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राज्य कृषी पणन मंडळ, अपेडाचे मुंबई कार्यालय आणि बागायतदारांच्या संघटना यांची संयुक्त बैठक हे एकमताचे स्वाभाविक ठिकाण आहे. त्या बैठकीतून तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घेऊन उठावे: आपल्याला नेमके काय हवे आहे, त्याच्या बदल्यात आपण कोणता तांत्रिक बदल आणि कोणता खर्च स्वीकारू, आणि कोणत्या रेषेच्या खाली आपण उतरणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे बंद पाकिटात द्यावे, वृत्तपत्रात नव्हे. ‘एवढे मिळाले तरी चालेल’ असे ज्याने जाहीर केले, त्याला तेवढेच मिळते.

पाचवी पायरी: योग्य दार निवडा आणि खालच्या दारापासून सुरुवात करा

पहिले दार तांत्रिक अधिकाऱ्यांचे. आपली वनस्पती संरक्षण यंत्रणा आणि समोरच्या देशातली तशीच यंत्रणा यांचा थेट पत्रव्यवहार असतो. इथे कोणाचीही प्रतिष्ठा पणाला लागलेली नसते, म्हणून इथे सर्वांत जास्त वाद सर्वांत कमी गाजावाजात सुटतात. समोरच्या देशाला तपासणी पथक पाठवण्याचे निमंत्रण देणे हे या दारातले सर्वांत परिणामकारक साधन आहे, मात्र पथक येण्याआधी आपली तयारी पूर्ण झालेली असावी लागते.

दुसरे दार त्या देशातल्या भारतीय दूतावासाचे, विशेषतः तिथल्या वाणिज्य विभागाचे. त्यांना लांबलचक निवेदन न देता दोन पानांचे टिपण द्यावे, ज्यात आकडे, नियमाचे कलम आणि आपला प्रस्ताव असेल. याच वेळी समोरच्या देशातले आपले मित्र शोधावेत. बंदीने आयातदार, घाऊक विक्रेते आणि ग्राहक यांचेही नुकसान होत असते. २०१४ च्या आंबाबंदीत ब्रिटनमधल्या दुकानदारांनी ओरड केली आणि लेस्टरचे खासदार कीथ वाझ, ज्यांचे घराणे मूळचे गोव्याचे, यांनी तो प्रश्न उचलून धरला. भारतातून गेलेल्या दहा पत्रांपेक्षा तिथल्या मतदाराचे एक पत्र तिथल्या सरकारवर जास्त वजन टाकते.

तिसरे दार जिनिव्हाचे. जागतिक व्यापार संघटनेच्या अन्नसुरक्षा, प्राणी व वनस्पती आरोग्यविषयक समितीच्या बैठका साधारणपणे वर्षातून तीनदा होतात आणि तिथे कोणताही सभासद देश दुसऱ्याच्या नियमाविषयी आपली हरकत नोंदवू शकतो. हा खटला नसतो आणि निकालही लागत नाही, पण हरकत इतर सर्व देशांसमोर वाचली जाते, तिची नोंद राहते आणि ज्यांना तोच त्रास होतो ते देश आपल्या बाजूने बोलू लागतात. २०१४ पासून समितीच्या अध्यक्षांच्या मध्यस्थीने दोन देशांनी शांतपणे बोलण्याची वेगळी पद्धतही तिथे उपलब्ध आहे. आपले प्रतिनिधी हरकत मांडू शकतील ती बैठकीआधी पुरेशा दिवसांपूर्वी त्यांच्यापर्यंत पोचली तरच.

मंत्री आणि पंतप्रधान पातळीचे दार सर्वांत शेवटी ठोठवावे. ते एकदा उघडले आणि काही मिळाले नाही, तर परत खालच्या दारात कोणी उभे करत नाही.

सहावी पायरी: देण्यासारखे काहीतरी घेऊन जा

अमेरिकेने भारतीय आंबा १९८९ पासून अडवून ठेवला होता. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश भारतात आले तेव्हा तो रस्ता मोकळा करण्याचे ठरले आणि एप्रिल २००७ मध्ये पहिला आंबा न्यूयॉर्कला उतरला. मधल्या वर्षात झालेले काम लक्षात घेण्यासारखे आहे: नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने मूळ कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी उभारलेल्या ‘कृषक’ विकिरण केंद्रात आंब्यावर किमान ४०० ग्रे (विकिरण मोजण्याचे एकक) मात्रेची प्रक्रिया करायची आणि ती अमेरिकी तपासनिसाच्या डोळ्यांसमोर करायची, असे ठरले. कोयीतल्या भुंग्याची अमेरिकेला वाटणारी भीती अशी शास्त्राने दूर झाली. राजकीय बाजूने भारताने त्याच सुमारास अमेरिकी बनावटीच्या मोठ्या मोटारसायकलींसाठी उत्सर्जनाच्या निकषांचा मार्ग मोकळा केला. लोकांना मोटारसायकलची गोष्ट लक्षात राहते. माझ्या मते लासलगावचे काम झाले नसते तर ती देवाणघेवाण कागदावरच राहिली असती.

पुढे करोनाच्या काळात अमेरिकी तपासनीस येऊ शकले नाहीत, २०२० आणि २०२१ चे हंगाम बुडाले. पुन्हा वाटाघाट झाली आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन वस्तूंची सांगड घातली गेली: भारताचे आंबा आणि डाळिंब, अमेरिकेच्या चेरी आणि जनावरांच्या चाऱ्याचे अल्फाल्फा गवत. २०२२ च्या हंगामापासून आंबा पुन्हा जाऊ लागला. सोलापूरच्या डाळिंबाला अमेरिकेची वाट मिळण्यामागे गवताच्या पेंढ्या आहेत, हे ऐकायला विचित्र वाटते, पण व्यापारी वाटाघाटीची रीत अशीच आहे. समोरच्या मंत्र्याला आपल्या शेतकऱ्यांसमोर उभे राहून ‘मी तुमच्यासाठी हे आणले’ असे म्हणता आले पाहिजे.

म्हणून संघटनेने आपल्या मागणीबरोबर समोरच्या देशाच्या कोणत्या वस्तू भारतात अडकल्या आहेत याची यादीही करावी, आणि त्यांतल्या कोणत्या आपल्या भागातील शेतकऱ्याला धक्का न लावता सोडता येतील हे प्रामाणिकपणे सांगावे. दुसऱ्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या जिवावर आपली सवलत मागू नये. सफरचंदावरील शुल्काची चर्चा झाली की हिमाचल आणि काश्मीरमधील बागायतदार का अस्वस्थ होतात, हे कांदा उत्पादकाला सांगावे लागू नये.

सातवी पायरी: खटल्याचा औपचारिक मार्ग दबावासाठी वापरा

वाटाघाट करणे म्हणजे कायदा बाजूला ठेवणे नव्हे. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण नियमांतच परस्परांना मान्य तोडग्याला प्राधान्य दिलेले आहे आणि खटल्याची पहिली पायरी सल्लामसलत हीच आहे. एका देशाने सल्लामसलत मागितली की दुसऱ्याने १० दिवसांत उत्तर द्यायचे आणि ३० दिवसांत चर्चेला बसायचे असते. ६० दिवसांत तोडगा निघाला नाही तर पॅनल मागता येते. नाशवंत मालासाठी मुदती कमी आहेत, १० दिवसांत चर्चा आणि २० दिवसांनंतर पॅनल. संघटनेच्या स्थापनेपासून, म्हणजे १९९५ पासून, अशा ६०० हून जास्त विनंत्या नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पॅनलच्या निकालापर्यंत गेलेल्याच नाहीत. सल्लामसलतीची विनंती दाखल झाली की समोरच्या देशातल्या वरिष्ठांच्या टेबलावर ती फाईल येते. बऱ्याच वादांत तेवढेच पुरते.

याच नियमांत मध्यस्थीचीही सोय आहे आणि ती फार कमी वापरली जाते. २००२ मध्ये थायलंड आणि फिलिपिन्स यांनी युरोपातल्या डबाबंद ट्यूना माशांवरच्या २४ टक्के शुल्काबाबत त्याच धर्तीची मध्यस्थी मागितली. त्यांची तक्रार होती की आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या देशांना सवलत मिळते आणि त्यांना नाही. संघटनेच्या महासंचालकांनी एका उपमहासंचालकांना मध्यस्थ नेमले आणि अखेर युरोपने २५,००० टनांपर्यंतचा माल १२ टक्के शुल्काने घेण्याचे मान्य केले. खटल्यात एकतर जिंकणे किंवा हरणे असते. ‘एवढ्या टनांपर्यंत निम्मे शुल्क’ असा तोडगा कोणतेही पॅनल देऊ शकत नाही.

आजच्या घडीला तर औपचारिक निकालाचे वजन आणखी घटले आहे. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून काम करू शकलेले नाही. ऊस आणि साखरेवरील भारताच्या मदतीविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये खटले भरले, डिसेंबर २०२१ मध्ये पॅनलने भारताविरुद्ध निष्कर्ष दिले आणि लगेचच भारताने त्या बंद पडलेल्या मंडळाकडे अपील केले. ऐकणारे कोणी नसल्याने निकाल लटकलेला आहे. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकाला आज हे सोयीचे वाटेल, पण उद्या आपण जिंकलेला निकालही असाच लटकू शकतो.

जिंकलेल्या निकालानंतरही शेवट वाटाघाटीतच होतो, याचे ठळक उदाहरण कापसाचे आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये खटला भरला, तो जिंकला, प्रतिकारात्मक कारवाईची परवानगीही मिळवली, आणि तरीही वाद मिटला तो २०१४ मध्ये, अमेरिकेने ३० कोटी डॉलर देण्याच्या समझोत्याने. मात्र जिंकलेला निकाल हातात नसता तर ब्राझीलला तो समझोता मिळाला नसता, हेही तितकेच खरे आहे.

आठवी पायरी: ठरलेले कागदावर उतरवा

तोंडी आश्वासनावर कंटेनर भरू नये. समझोत्यात प्रक्रियेचे तापमान, वेळ, नमुन्याचे प्रमाण, मान्य पॅकहाऊसची यादी, एखादी खेप नाकारली गेली तर काय होईल आणि किती खेपा नाकारल्या गेल्यावर पुन्हा चर्चा होईल, हे सगळे आकड्यांत हवे. एका पॅकहाऊसच्या चुकीची शिक्षा त्याच पॅकहाऊसला होईल, संपूर्ण देशाला नाही, हे कलम मिळवण्यासाठी शेवटपर्यंत आग्रह धरावा. माझ्या मते ते एका टक्क्याच्या शुल्कसवलतीपेक्षा मोलाचे आहे. औपचारिक तक्रार झालेली असेल तर समझोता जागतिक व्यापार संघटनेला कळवावा लागतो आणि त्याने तिसऱ्या देशाचे हक्क डावलले जाता कामा नयेत.

अंमलबजावणी कशी तपासायची हे न लिहिल्यास काय होते, ते भारत-अमेरिका समझोत्यातून दिसते. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या अमेरिका भेटीत दोन्ही देशांनी सहा जुने खटले एकदम मिटवले. भारताने बदाम, अक्रोड, हरभरा, मसूर, सफरचंद अशा वस्तूंवरील अतिरिक्त शुल्क काढले आणि अमेरिकेने आपल्या पोलाद व अॅल्युमिनियमवरील शुल्कातून सूट मागणाऱ्या भारतीय मालासंबंधीच्या अर्जांपैकी अनुक्रमे ७० आणि ८० टक्के मंजूर करण्याचे कबूल केले. तो समझोता त्या वेळी योग्यच होता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने सूट मागण्याची ती पद्धतच बंद केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात भारताला पुन्हा जिनिव्हात प्रतिकारात्मक कारवाईची सूचना द्यावी लागली. एका बाजूने कायमची सवलत दिली आणि दुसऱ्या बाजूने प्रशासकीय मर्जीवर चालणारी दिली, तर तराजू पहिल्या दिवसापासूनच झुकलेला असतो. म्हणून आपली सवलत त्यांच्या सवलतीच्या अंमलबजावणीशी बांधलेली असावी, आणि ती सुटली तर आपलीही सुटेल असे शब्द समझोत्यात असावेत.

वाटाघाट केव्हा पुरी पडत नाही

तीन प्रसंगांत खटल्याचा विचार लवकर करावा. समोरचा देश उत्तरच देत नसेल आणि प्रत्येक बैठकीत नवे कारण पुढे करत असेल, तर तो वेळकाढूपणा असतो. प्रश्न एका खेपेचा नसून तत्त्वाचा असेल, म्हणजे तोच नियम उद्या दहा इतर पिकांना लागू होणार असेल, तर एका पिकापुरता समझोता पुढचे नुकसान पदरात पाडतो. आणि आपला देश समोरच्यापेक्षा फार लहान असेल व देण्यासारखे काहीच नसेल, तर नियमांचा आधार हाच एकमेव आधार उरतो. लहान देशांनी अपील मंडळाच्या बंद पडण्याची सर्वांत जास्त चिंता केली, त्याचे कारण हेच आहे.

नववी पायरी: पुढच्या हंगामाची तयारी

बंदी उठली की सगळ्यांचा उत्साह ओसरतो, आणि पुढची बंदी नेमकी त्या ढिलाईतून जन्म घेते. पहिल्या वर्षी समोरच्या बंदरावर तपासणीचे प्रमाण जास्तच असते, म्हणून पहिल्या काही खेपा फक्त सर्वांत भरवशाच्या पॅकहाऊसमधून जाव्यात आणि मोठ्या ऑर्डरचा मोह टाळावा. आंब्यासाठी बागांची नोंदणी मोहोर येण्याच्या सुमारास पूर्ण करावी, फळमाशीचे सापळे फळ पिकण्याच्या पुष्कळ आधी लावावेत, प्रक्रियेच्या टाकीतील तापमापकांची अचूकता हंगामापूर्वी तपासून घ्यावी आणि त्या तपासणीचा दाखला फाईलला लावावा. जूनमध्ये शेवटचा कंटेनर गेल्यानंतर, पावसाने बागेतली कामे थांबलेली असतात त्या आठवड्यातच, त्या हंगामात किती खेपा गेल्या, किती अडल्या, कोणत्या अधिकाऱ्याशी काय बोलणे झाले आणि कोणते पत्र अनुत्तरित राहिले, हे सगळे तारखांसह लिहून फाईलच्या वरच्या बाजूला लावून ठेवावे.